गाडीच्या रंगाचा टवका उडाला: किती रंगवायचं आणि किती वाचवायचं

समृद्धी महामार्गावर गिट्टी भरलेल्या टिप्परच्या मागे थोडा वेळ जरी गाडी राहिली, तरी बॉनेटच्या पुढच्या कडेवर एखाद-दुसरा टवका उडतोच. उडालेला खडा हवेत जवळपास जागच्या जागी असतो आणि आपली गाडीच त्याच्यावर जाऊन आदळते. आघाताची ताकद वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ताशी ८० किलोमीटरला जो खडा लागला असता, तोच ताशी १२० ला सव्वादोन पट जोराने लागतो. म्हणून नागपूरच्या वर्धा रोडवर रोज फिरणाऱ्या गाडीपेक्षा महिन्यातून दोनदा समृद्धीने जाणाऱ्या गाडीच्या तोंडावर जास्त ठिपके दिसतात.

असा टवका दाखवला की दोन सल्ले मिळतात. एक, 'काही होत नाही, राहू द्या.' दुसरा, 'पूर्ण बॉनेट मारून घ्या.' यातला दुसरा सल्ला बहुतेक वेळा जास्त नुकसान करतो. कारण गाडीवर कारखान्यात चढलेला रंग हा तिच्या आयुष्यातला सगळ्यात टिकाऊ रंग असतो. तो एकदा घासून काढला की पुन्हा मिळत नाही. दुरुस्ती करताना पहिला प्रश्न 'मूळ थर किती वाचवता येईल' हा असला पाहिजे.

तो थर परत का मिळत नाही, हे कळायला रंगाची रचना बघावी लागते. सगळ्यात खाली पत्रा. त्यावर फॉस्फेटची रासायनिक प्रक्रिया. मग गाडीचा नुसता सांगाडा रंगाच्या मोठ्या टाकीत बुडवून, वीजप्रवाहाच्या मदतीने साधारण २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर बसवतात. हा गंजविरोधी थर दरवाजाच्या आतल्या पोकळीपर्यंत पोहोचतो आणि १६० ते १८० अंश सेल्सिअसला भाजला जातो. त्यावर ३०-३५ मायक्रॉन प्रायमर (काही नव्या कारखान्यांत हा थर वेगळा नसतोच), मग साधारण १५ मायक्रॉन रंग आणि सगळ्यात वर ४० मायक्रॉनच्या आसपास पारदर्शक क्लिअर, ज्याला गॅरेजमध्ये लॅकरही म्हणतात. सगळे थर मिळून १०० ते १३० मायक्रॉन. आपल्या साध्या झेरॉक्सच्या कागदाची जाडी १०० मायक्रॉन असते, म्हणजे सगळा मामला एका कागदाच्या जाडीचा आहे. तयार गाडीत वायरिंग, रबर, प्लास्टिक, इंधन असतं. ती १७० अंशांत घालता येत नाही. म्हणून वर्कशॉपमधला उत्तम रंगही साधारण ६० अंशांवर सुकवलेला, वेगळ्या रसायनाचा रंग असतो. तो चांगला टिकू शकतो, पण तो कारखान्यातला नव्हे.

आधी खोली बघा

गाडी धुऊन कोरडी करा आणि ओरखड्यावर पाण्याचा थेंब ठेवा. पाणी असताना ओरखडा दिसेनासा झाला, तर तो फक्त क्लिअरमध्ये आहे. असा ओरखडा कंपाउंड आणि पॉलिशने निघतो किंवा इतका फिका होतो की नजर जात नाही. त्याला रंग लावायचा नसतो. नख अडकत असेल, तर पॉलिशने तो पूर्ण जाणार नाही हे आधीच धरून चला.

थेंबाखालीही खूण दिसत असेल, तर तळाचा रंग पाहा. करडा किंवा काळपट तळ दिसला तर प्रायमर किंवा बुडवलेला थर शाबूत आहे. चकचकीत धातू दिसला तर पत्रा उघडा पडलाय. तपकिरी ठिपका म्हणजे गंज सुरू झालाय. आणि टवक्याच्या कडेचा रंग फुगलेला असेल, नखाने दाबल्यावर टिकटिक असा पोकळ आवाज येत असेल, तर गंज रंगाखाली सरकलाय. दिसतो त्यापेक्षा तो नेहमी मोठा असतो.

नागपूरला समुद्र नाही, खारी हवा नाही. फेब्रुवारीत उघडा पडलेला पत्रा मे अखेरपर्यंत कोरड्या हवेत फारसा बिघडत नाही. मुंबईत किंवा कोकणात हीच गोष्ट काही आठवड्यांत चिघळते. म्हणून इथे घाईघाईने चुकीचं काम करून घेण्याची गरज नाही. मात्र मृग लागायच्या आत टवका बंद झालेला हवा. पावसाळ्यात पत्र्यावर पाणी, माती आणि वीजकेंद्रांची राख आठवडेच्या आठवडे बसते आणि गंज कडेने आत शिरतो. एकदा तो आत गेला की पाच मिनिटांचं काम अख्ख्या पॅनेलवर, म्हणजे पूर्ण बॉनेट किंवा दरवाजावर जातं.

टवका घरी कसा भरायचा

मुगाच्या दाण्याएवढा टवका घरी नीट भरता येतो. लागतं काय: गाडीच्या कोडचा टच-अप रंग, त्याच्याबरोबरचा क्लिअर, थोडासा इपॉक्सी प्रायमर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, लाकडी टूथपिक, मास्किंग टेप, १०००, २००० आणि ३००० नंबरचा वॉटर पेपर आणि बारीक कंपाउंड. गंज असेल तर रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंज मारणारं आम्लयुक्त द्रावणही.

रंगाचा कोड गाडीवरच असतो, बहुतेक ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर. 'पांढरा द्या' म्हणून चालत नाही. एकाच कंपनीच्या दोन पांढऱ्यांत एक साधा असतो, दुसरा पर्ल, म्हणजे मोत्यासारखी झाक असलेला, आणि दोन्ही शेजारी ठेवले की फरक लगेच कळतो.

पहिलं काम सफाईचं. शॅम्पूने धुवा, कोरडं करा, मग अल्कोहोलने टवका आणि त्याच्या भोवतीचा इंचभर भाग पुसा. आधीचं वॅक्स किंवा डॅशबोर्ड पॉलिशचा सिलिकॉन तिथे राहिला, तर रंग बसत नाही, मधून फाटून गोल खळगे पडतात. टवक्याची सुटलेली कड टूथपिकने उचलून काढा. धरून बसलेली कड तशीच ठेवा. गंज असेल तर पेन्सिलच्या खोडरबराला १००० नंबरचा छोटा तुकडा चिकटवून फक्त ठिपक्यापुरतं घासा, स्वच्छ धातू दिसेपर्यंत. खोलगट जागी राहिलेल्या गंजावर कन्व्हर्टरचा एक थेंब. बाटलीवर जितका वेळ लिहिलाय तितका ठेवायचा आणि जास्तीचा पुसून काढायचा. त्यातलं आम्ल खाली राहिलं तर वरचा प्रायमर पकड घेत नाही.

उघड्या पत्र्यावर प्रायमर लागतोच. टच-अप रंग हा मुळात सजावटीचा थर आहे, ओलावा अडवण्याची ताकद त्याच्यात फार नाही. थेट पत्र्यावर लावला तर एका पावसाळ्यात खालून गंज वर येतो. टूथपिकच्या टोकाने प्रायमरचा इतका छोटा थेंब ठेवा की तो फक्त खड्ड्याच्या तळाशी पसरेल. तो सुकला की रंग. बाटली निदान दोन-तीन मिनिटं हलवा. मेटॅलिक रंगातले धातूचे कण तळाशी बसतात आणि न हलवलेला रंग फिका, पाणचट निघतो. बाटलीबरोबरचा ब्रश वापरू नका, तो टवक्यापेक्षा जाड असतो आणि रंग बाहेर सांडतो.

टूथपिक टवक्याच्या मधोमध टेकवून लगेच उचला. रंग आपोआप कडेपर्यंत ओढला जातो. हा थर सुकल्यावर आत बसतो, कारण रंगातला मोठा भाग थिनर असतो आणि तो उडून जातो. म्हणून २०-३० मिनिटांच्या अंतराने तीन-चार पातळ थर. एकदाच जाड थेंब ठेवायचा मोह टाळा. वरून साय धरते, आतला थिनर अडकतो आणि तोच नंतर बुडबुडा किंवा टाचणीएवढं भोक करून बाहेर पडतो. रंगाची पातळी आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा किंचित खाली राहू द्या आणि उरलेली जागा क्लिअरने भरा, दोन-तीन थेंबांत, शेवटचा थेंब हलकासा वर आलेला.

आता थांबायचं. निदान दोन दिवस, जमलं तर आठवडा. मग टवक्याच्या भोवती टेप लावून, छोट्या कडक ठोकळ्यावर २००० चा ओला पेपर गुंडाळून फक्त वर आलेला उंचवटा घासा. ठोकळा हवाच. नुसत्या बोटाने घासलं तर बोटाच्या दाबाने भोवतीचं चांगलं क्लिअर आधी उतरतं. उंचवटा जवळपास सपाट झाला की टेप काढा, ३००० ने चार-सहा हलके हात आणि मग कंपाउंड. पेपरवरून पांढरं पाणी निघतंय तोवर क्लिअर घासलं जातंय. पाण्याला गाडीचा रंग दिसला तर त्याच क्षणी हात थांबवा.

भरलेला टवका एका हाताच्या अंतरावरून दिसू नये, एवढीच अपेक्षा ठेवा. नाक लावून पाहिलं तर तो दिसणारच, मेटॅलिकमध्ये तर नक्कीच. पण पत्रा बंद झाला, मूळ बॉनेट वाचलं. बॉनेटवर असे बारा-पंधरा टवके झाले तरी एकेक भरणंच शहाणपणाचं. चाळीस-पन्नास झाले आणि क्लिअर मळकट, धुरकट दिसायला लागलं, तर मात्र पॅनेल रंगवण्याचा विचार रास्त आहे.

मे आणि जुलै, दोन्ही वैरी

नागपुरात रंगकाम कधी करायचं हा प्रश्न रंग कुठला इतकाच महत्त्वाचा आहे. मे महिन्यात सावलीतलं तापमान ४४-४५ अंशांवर असतं आणि उन्हात उभ्या गडद गाडीच्या बॉनेटला हात लावता येत नाही. अशा पत्र्यावर थिनर क्षणात उडतो. थेंब पसरायच्या आत घट्ट होतो, वर साय, आत थिनर. स्प्रेच्या कामात रंग गाडीवर पोहोचेपर्यंत हवेतच अर्धा सुकतो आणि खरखरीत बसतो, किंवा पृष्ठभाग सपाट व्हायला वेळच मिळत नाही आणि संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे राहतात.

जुलै-ऑगस्टमध्ये उलटा त्रास. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं बाष्प त्यावर जमतं आणि रंग पांढरट, धुरकट दिसतो. कॉम्प्रेसरच्या टाकीतही पाणी साठतं. ते रोज काढलं नाही आणि पाइपवर पाणी अडवणारा फिल्टर नसला, तर गनमधून रंगाबरोबर पाण्याचे कण जातात. ते आज दिसत नाहीत, पुढच्या उन्हाळ्यात फोड होऊन वर येतात. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा रंग घट्ट करणाऱ्या हार्डनरची क्रिया मंदावते आणि उघड्यावर रंगवलेली गाडी सकाळीही ओलसर लागते.

घरच्या कामाला ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्चची सकाळ सगळ्यात चांगली: सावली, २० ते ३० अंश, वारा कमी. बंद, तापमान राखणारा पेंट बूथ असलेल्या वर्कशॉपला महिन्याचं बंधन कमी असतं, पण तिथेही उन्हाळ्यात सावकाश उडणारा थिनर आणि हळू हार्डनर वापरावा लागतो. 'उन्हाळ्यात कोणता थिनर वापरता?' हा प्रश्न विचारून पाहा. चांगला पेंटर लगेच उत्तर देतो.

वर्कशॉपमध्ये काम बिघडतं कुठे

पॅनेल रंगवायचंच ठरलं, तर सगळ्यात जास्त लक्ष खळगे भरायच्या पुट्टीवर ठेवा. चकाकी शेवटच्या थराची असते, पण काम फसतं ते खालच्या थरांत.

खळगा आधी डेंटरने शक्य तितका ओढून, ठोकून वर आणला पाहिजे. पुट्टी ही उरलेल्या दोन-तीन मिलिमीटरची तफावत भरायला असते. त्याहून जाड पुट्टी पत्र्याबरोबर आकुंचन-प्रसरण पावत नाही आणि नागपूरच्या उन्हात रोज ती परीक्षा होते. शेवटी तडा जातो. पुट्टीत हार्डनर वजनाच्या साधारण २ टक्के लागतो, म्हणजे १०० ग्रॅम पुट्टीला २ ग्रॅम. लवकर सुकावी म्हणून जास्त घातला की त्यातलं उरलेलं पेरॉक्साइड वरच्या रंगात झिरपून पिवळट डाग पाडतं. पांढऱ्या आणि चंदेरी गाड्यांवर दरवाजाच्या मध्ये एक मळका ढग दिसतो, तो बऱ्याचदा यातूनच आलेला असतो.

आणि पाणी. पॉलिस्टर पुट्टी पाणी शोषते. तरी अनेक गॅरेजमध्ये ती ओल्या पेपरने घासतात, कारण धूळ उडत नाही आणि पेपर जास्त टिकतो. शोषलेलं पाणी वरच्या प्रायमर-रंगाखाली कोंडलं जातं. पहिला कडक उन्हाळा लागला की फोड येतात, फोडाखाली पत्रा गंजलेला सापडतो. पुट्टी कोरडीच घासायची, ८० नंबरने आकार, मग १८०, मग २४०. वर प्रायमर-सरफेसर चढला, की तो ४०० ने कोरडा किंवा ८०० ने ओला घासता येतो. काम चालू असताना वर्कशॉपमध्ये जायची सोय असेल, तर पुट्टी घासायच्या दिवशी जा. तयार गाडी बघून हे कळत नाही.

मास्किंगमध्येही आळस होतो. दरवाजाचं हँडल, आरसा, काचेची रबर पट्टी, मोल्डिंग काढून रंगवलं तर रंगाची कड आत दडते. नुसता टेप लावून रंगवलं तर टेपच्या रेषेवर उघडी कड राहते आणि वर्ष-दोन वर्षांत गाडी धुण्याच्या प्रेशरने तिथूनच क्लिअर सुटायला लागतं. कामाआधीच 'हँडल काढून करणार का?' हे ठरवून घ्या आणि बिलावर लिहून मागा.

रंग जुळवणं हा वेगळाच विषय आहे. कोड बरोबर असला तरी एका कोडचे कारखान्यागणिक, वर्षागणिक थोडे वेगळे प्रकार निघतात. त्यात गाडी काही वर्षं उन्हात फिरलेली. म्हणून आधी छोट्या पत्र्यावर किंवा कार्डावर रंग आणि क्लिअर मारून, सुकवून, गाडीशेजारी धरून पाहिला पाहिजे, सावलीत आणि उन्हातही. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसू शकतो. मेटॅलिकमध्ये तर मारण्याची पद्धतही रंग बदलते. ओला, जवळून मारला तर ॲल्युमिनियमचे कण खाली बुडतात आणि छटा गडद होते. कोरडा, लांबून मारला तर कण वर राहतात आणि छटा उजळते. गन साधारण १५ ते २० सेंटीमीटरवर, हात एकसारख्या वेगाने, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्म्याहून जास्त चढलेला. हे सगळं जमलं तरी शेजारच्या पॅनेलशी रेघ दिसायचा धोका असतो. म्हणून चांगला पेंटर दरवाजाचा रंग शेजारच्या फेंडरवर (चाकावरच्या पत्र्यावर) विरळ करत नेतो आणि दोन्ही पॅनेलवर पूर्ण क्लिअर मारतो. शेजारचं पॅनेल विनाकारण बिलात घातलं असं ग्राहकाला वाटतं, पण मेटॅलिक आणि पर्लसाठी तो खर्च योग्य आहे. तिथला मूळ रंग खाली तसाच राहतो, फक्त क्लिअर हलकं घासलं जातं. पर्ल पांढऱ्यात पांढरा तळ, त्यावर पर्लचा अर्धपारदर्शक थर आणि मग क्लिअर असे तीन टप्पे असतात. पर्लचा एक हात जास्त पडला तरी छटा पिवळट होते. त्यामुळे पर्ल गाडीचा एकच दरवाजा पैशाला महाग आणि जुळवायला अवघड जातो.

क्लिअर मात्र पॅनेलच्या मध्येच विरवून संपवू नये. तिथे ते अगदीच पातळ होतं, ऊन तेच आधी खातं आणि पोपडे तिथून सुटतात. ते पॅनेलच्या कडेपर्यंत किंवा एखाद्या ठळक घडीपर्यंत न्यायला हवं.

दोन घटकांच्या क्लिअरमध्ये हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, दोनास एक किंवा चारास एक. ते मोजमापाच्या कपात मोजायचं असतं. अंदाजाने कमी पडला तर क्लिअर मऊ राहतं आणि नख उठतं, जास्त झाला तर ठिसूळ होतं. बूथमधले ६० अंश हे पत्र्याचं तापमान हवं, अर्धा तास, नुसत्या हवेचं नव्हे. गाडी विजेवरची असेल, तर बॅटरीमुळे किती तापमान आणि किती वेळ चालेल याची कंपनीची मर्यादा असते. वर्कशॉपने ती पाहिली का, ते विचारा.

याच हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने धसका घेतला की नंतर अगदी थोडी मात्राही त्रास देते. तोंडाला रुमाल किंवा साधा कापडी मास्क बांधून हे काम करणारे पेंटर आपण रोज पाहतो. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. दोन घटकांचा क्लिअर घरच्या पोर्चमध्ये मारू नका, स्प्रेच्या डब्यातला असला तरी. आणि वर्कशॉप निवडताना तिथला कामगार काय घालून उभा आहे, हे बघून ठरवायला हरकत नाही. जे माणसाची काळजी घेतात ते बहुधा मापही नीट घेतात.

बंपरला गंज चढत नाही. तो पॉलिप्रॉपिलीनचा असतो, त्यावरचे खडे-टवके वर्षानुवर्षं तसेच राहिले तरी बिघडत काही नाही. रंगवायचाच असेल तर उघड्या प्लास्टिकवर रंग धरून ठेवणारा अ‍ॅडहेजन प्रमोटर हवा, नाहीतर वर्षभरात पोपडे. बंपरमागे पुढच्या गाडीचं अंतर मोजणारा रडार असेल, तर त्याच्यासमोर पुट्टी आणि जाड मेटॅलिक थर चालत नाहीत. तिथे नवा बंपर आणि कंपनीची पद्धत हाच मार्ग.

गारपिटीच्या खळग्यांचीही वेगळी गोष्ट आहे. विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये गारांनी टपाला, बॉनेटला डझनभर खळगे पडतात, पण रंग फुटलेला नसतो. आतून लांब सळ्यांनी पत्रा हळूहळू वर आणण्याची पद्धत यावर उत्तम, त्यात मूळ रंगाला हातही लागत नाही. असे खळगे पुट्टीने भरून टप रंगवणं म्हणजे चांगलं ते घालवून बसणं.

विम्याचा हिशेब आधी कागदावर करा

समजा एकत्रित पेंटिंगचं बिल १२,००० रुपये आलं. विम्याच्या नियमानुसार त्यातला २५ टक्के भाग, म्हणजे ३,००० रुपये, रंगसाहित्याचा धरतात आणि त्यावर ५० टक्के घसारा लागतो: १,५०० तुमच्या खिशातून. झिरो-डेप, म्हणजे घसारा न कापणारं जोड-कव्हर असेल तर हे वाचतात. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपयांची सक्तीची वजावट. कंपनी देणार ९,५००. आता तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ५० टक्क्यांवर असेल आणि ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) मूळ हप्ता १०,००० रुपये असेल, तर क्लेमनंतर बोनस शून्यावर येतो आणि २०, २५, ३५, ४५ असा पुन्हा चढत जातो. हप्ता तेवढाच राहिला असं धरलं, तर जास्तीचे पैसे होतात ५,००० अधिक ३,००० अधिक २,५०० अधिक १,५०० अधिक ५००, एकूण १२,५००. म्हणजे ९,५०० मिळवायला १२,५०० गेले. प्रत्यक्षात गाडीची किंमत उतरते तसा हप्ताही थोडा उतरतो, आणि बोनस राखणारं जोड-कव्हर घेतलं असेल तर चित्र बदलतं, पण एक-दोन पॅनेलसाठी क्लेम करण्यापूर्वी हे गणित स्वतःच्या आकड्यांनी मांडाच.

नवाच रंग द्यायचा असेल तर

त्याच रंगात पूर्ण गाडी रंगवणं आणि वेगळ्या रंगात रंगवणं, यात कामाचा फार फरक आहे. वेगळ्या रंगात दरवाजांच्या आतल्या कडा, खांब, बॉनेट आणि डिक्कीची आतली बाजू, पेट्रोलच्या टाकीचं झाकण, हे सगळं उघडून रंगवावं लागतं. इंजिनच्या कप्प्यात मूळ रंग बहुतेक तसाच ठेवतात. भाव विचारताना 'पूर्ण गाडी' म्हणजे काय काय, हे एकेक नाव घेऊन ठरवा. कमी भावात आतल्या कडा नसतात, हे गाडी हातात आल्यावर दरवाजा उघडला की कळतं. छोट्या हॅचबॅकला बाहेरून साधारण दोन ते अडीच लिटर बेस रंग, थिनर मिसळण्यापूर्वी, आणि हार्डनरसह अडीच-तीन लिटर क्लिअर लागतं. लाल, पिवळा हे कमी झाकणारे रंग असतील तर जास्त. लिटरभर क्लिअरमध्ये पूर्ण गाडी करून देतो म्हणणाऱ्याकडे थर किती पातळ बसेल, याचा अंदाज करा. जुना रंग घट्ट असेल तर तो पत्र्यापर्यंत उतरवायचा नाही. ४००-५०० नंबरने नुसता खरखरीत करून त्यावरच नवे थर द्यायचे, म्हणजे खालचा गंजविरोधी थर जागेवर राहतो.

कागदाचं काम रंगाच्या आधी. आरसीवर गाडीचा रंग नोंदलेला असतो आणि मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या तपशिलाशी गाडी जुळली पाहिजे. वाहन पोर्टलवर बदलाचा अर्ज करून ज्या आरटीओत गाडी नोंदलीय तिथे जावं लागतं: एमएच-३१ साठी गिरीपेठ, एमएच-४९ साठी पूर्व नागपूर, एमएच-४० साठी ग्रामीण. आरसी, विमा, पीयूसी आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं नाहरकत पत्र जवळ ठेवा. गाडीची तपासणी होते. विमा कंपनीलाही लेखी कळवा. लष्करी हिरवा, म्हणजे ऑलिव्ह ग्रीन, खासगी गाडीला चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२१ ने तो संरक्षण खात्यासाठी राखून ठेवलाय. कामठीच्या छावणीतल्या गाड्या पाहून तोच रंग हवा असं वाटणारे पुष्कळ आहेत, म्हणून सांगितलं.

रंगवण्याऐवजी व्हायनल रॅप, म्हणजे चिकटवायची रंगीत फिल्म, लावला तर मूळ रंग खाली जसाच्या तसा राहतो आणि मन बदललं तर तो काढता येतो. गाडी चार-पाच वर्षांत विकायची असेल तर मी रॅपच सुचवीन. मात्र पूर्ण रंग बदलत असेल तर आरसीचा नियम रॅपलाही लागू समजा, आणि टप-बॉनेटवर आपल्याकडच्या उन्हात तो बाजूंपेक्षा लवकर थकतो. नुसते टवके टाळायचे असतील तर १५०-२०० मायक्रॉनची पारदर्शक पीपीएफ, म्हणजे रंग वाचवण्यासाठी चिकटवायची फिल्म, तीही फक्त बॉनेटची पुढची कड, बंपर आणि आरशांवर. सिरॅमिक कोटिंग एक-दोन मायक्रॉनचं असतं. पाणी आणि धूळ झटकायला ते चांगलं, खड्यापुढे त्याचा काही उपयोग नाही.

नवा रंग झाल्यावर महिनाभर वॅक्स आणि फिल्म लावू नका, थिनरला बाहेर पडू द्या. पहिला आठवडा नुसत्या पाण्याने धुवा. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या बाजूला गाडी उभी राहत असेल, तर सकाळी दवात भिजलेली राख कोरड्या फडक्याने पुसायची नाही, आधी भरपूर पाण्याने वाहू द्यायची. राखेचे कण नव्या क्लिअरवर गोल-गोल चरे पाडतात. आणि गाडी घेताना पेंटरकडून रंग मिसळल्याच्या सूत्राची चिठ्ठी आणि उरलेला रंग छोट्या घट्ट झाकणाच्या बाटलीत मागून घ्या. पुढच्या टवक्याला बाजारात मिळणारा कोडचा रंग जुळणार नाही, हाच जुळेल.